'हायपो' म्हणजे नेमकं कोणतं हायपो? : रसायनांचं गोडाऊन वेगळं करतानाच्या नोंदी

रायगड जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. डाय इंटरमीडिएट, म्हणजे रंग बनवायला लागणारी मधली रसायनं, बनवतो. तीन रिअ‍ॅक्टर, दोन शिफ्ट, चौतीस माणसं. मी स्टोअर आणि खरेदी बघतो, आणि 'सेफ्टीचंही तूच बघ' म्हणून तेही माझ्याच गळ्यात आहे. गोडाऊन साठ बाय चाळीस फुटांचं, एकच शेड. कच्चा माल जागा मिळेल तसा लागायचा. हे सगळं सुधारायला घेतलं तेव्हा मार्गदर्शक पुस्तिका भरपूर मिळाल्या, पण आमच्याएवढ्या जागेत, आमच्याएवढ्या पैशात कुणी काय केलं ते कुठेच सापडलं नाही. म्हणून या नोंदी.

५ फेब्रुवारी

सकाळी पावणेआठला झाडलोटीच्या ड्रममधून धूर. रात्रपाळीत हायड्रोचा ड्रम आडवा होऊन माल सांडला होता. हेल्परने तो झाडून कोपऱ्यातल्या नेहमीच्या ड्रममध्ये भरला. त्यात आधीच सोडियम नायट्राइटची झाडलोट, लाकडाचा भुसा आणि फरशी पुसायचं ओलं फडकं होतं. हायड्रो म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. त्याला थोडी ओल पुरते, आपोआप तापत जातं. फटाक्यांच्या धुरासारखा वास पार गेटपर्यंत आला.

पहिली चूक माझी. दोन बादल्या वाळू टाकली. धूर थांबेना, उलट वाळूखालून जास्त यायला लागला. हायड्रोला जळायला बाहेरची हवा लागत नाही, त्यामुळे वर काही टाकून ते गुदमरत नाही. थोडं पाणी मारलं तर आणखी तापतं. लागतं ते धो धो पाणी. शेवटी ट्रॉलीवरून ड्रम बाहेर ओढला आणि हायड्रंटचा होज पूर्ण सोडला. वीस मिनिटांत थंड झाला. पाणी ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरणाच्या) टाकीत घेतलं. दोघांना खोकला, त्यातल्या एकाला दिवसभर दवाखान्यात ठेवलं.

संध्याकाळी शेठना सांगितलं की रॅक वेगळे करून भागणार नाही, सगळं गोडाऊन उपसावं लागेल. "किती?" मी म्हटलं दोन लाख. हा आकडा पुढे साफ चुकला.

८ ते १६ फेब्रुवारी

यादी. स्टॉक रजिस्टरवरून केली, त्रेचाळीस वस्तू निघाल्या. मग तात्यांबरोबर जमिनीवर फिरलो तर एकसष्ट. तात्या म्हणजे आमचे स्टोअरकीपर, सव्वीस वर्षं इथेच. जास्तीच्या अठरा वस्तू म्हणजे सप्लायरचे फुकट नमुने, बंद पडलेल्या प्रॉडक्टचा उरलेला माल आणि लेबल नसलेले तीन कार्बोय (द्रव रसायनांचे मोठे कॅन). रजिस्टरवरून यादी करू नका. माझे चार दिवस त्यातच गेले.

आणि मग हायपो. रजिस्टरमध्ये 'हायपो' दोनदा होतं, मला वाटलं टायपिंगची चूक. तात्या म्हणाले, "चूक नाही साहेब, एक दाणा हायपो, एक पाणी हायपो." दाणा म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांचं हायपो. पाणी म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. एक क्लोरीन मारायला वापरतात, दुसऱ्यातून अ‍ॅसिड लागलं की क्लोरीन निघतो. प्लांटमधून चिठ्ठी यायची 'हायपो ५० किलो', आणि तात्या कोणत्या बॅचची चिठ्ठी आहे ते बघून अंदाजाने द्यायचे. सव्वीस वर्षांत चुकलं नाही म्हणतात. ते रजेवर असताना काय व्हायचं, कुणालाच माहीत नाही.

त्या दिवसापासून 'हायपो' शब्द बंद. दाण्याला थायो आणि पाण्याला क्लोराइट. चिठ्ठीवर हायपो लिहिलं तर माल नाही. 'हायड्रो' हा शब्दही फक्त हायड्रोसल्फाइटपुरताच ठेवला, कारण नवीन मुलं हायड्रोजन पेरॉक्साइडलाही हायड्रो म्हणत होती.

२१ फेब्रुवारी

पहिला नकाशा तयार केला आणि अख्खा फाडला.

मी लेबलवरच्या धोक्याच्या वर्गाने (हे वर्ग वाहतुकीसाठी ठरवलेले असतात) विभागणी केली होती. वर्ग ३ ज्वलनशील एका बाजूला, ५.१ ऑक्सिडायझर (दुसऱ्या वस्तूला जळायला मदत करणारे) दुसरीकडे, ८ म्हणजे दाहक तिसऱ्या खोलीत. दिसायला फार सुंदर दिसत होतं. तात्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, एचसीएल आणि पाणी हायपो एका खोलीत?"

बरोबर होतं. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड वर्ग ८. हायपोक्लोराइट वर्ग ८. कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) वर्ग ८. सल्फ्युरिक, थायोनिल क्लोराइड, सोडियम सल्फाइडच्या ओल्या फ्लेक्स, सगळे वर्ग ८. एचसीएल क्लोराइटला भेटलं की क्लोरीन, सल्फाइडला भेटलं की हायड्रोजन सल्फाइड. लेबल फक्त इतकंच सांगतं की कातडी जळेल. ट्रकवर ते ठीक आहे. गोडाऊनमध्ये त्यावर विसंबून मी एकाच खोलीत विषारी वायूचा कारखाना काढत होतो.

२२ फेब्रुवारी ते २ मार्च

दुसरा नकाशा एसडीएसच्या (प्रत्येक रसायनाच्या सुरक्षा-माहितीपत्राच्या) कलम १० वरून, म्हणजे स्थिरता आणि अभिक्रियाशीलता. इथे वेगळाच त्रास. बऱ्याच सप्लायरच्या एसडीएसमध्ये सगळ्याच मालाला एकच वाक्य चिकटवलेलं असतं, 'तीव्र ऑक्सिडायझरपासून दूर ठेवा'. एकीत तर चक्क ऑक्सिडायझरलाच तसं लिहिलं होतं. उपाय म्हणून प्रत्येक मालाच्या तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या एसडीएस काढल्या आणि तिन्हींतलं सर्वात कडक धरलं.

एकसष्ट गुणिले एकसष्टचा तक्ता कुणी वाचणार नाही. नऊ गट केले. जिथे अडखळलो तेवढंच लिहितो.

नायट्रिक अ‍ॅसिड इतर अ‍ॅसिडबरोबर ठेवायचं नाही, ते स्वतः ऑक्सिडायझर आहे. ग्लेशियल अ‍ॅसेटिक नावाने अ‍ॅसिड, पण फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते तो) ३९ अंशांच्या आसपास, म्हणजे मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली ते पेट घेण्याच्या तयारीतच असतं. ते सॉल्व्हंटकडे गेलं. नायट्रिक आणि अ‍ॅसेटिक आमच्याकडे आजवर शेजारी-शेजारी होते, कारण दोन्ही 'अ‍ॅसिड'. सोडियम नायट्राइट अ‍ॅसिडपासून लांब, अमोनियम क्षारांपासून लांब, आणि हायड्रोपासून सर्वात लांब. सल्फ्युरिक आणि एचसीएलही एकत्र नकोत. तीव्र सल्फ्युरिक एचसीएलमधलं पाणी ओढतं आणि हायड्रोजन क्लोराइडचा लोट उठतो. हे मला कॉलेजात माहीत होतं. प्रयोगशाळेत वायू बनवायला आम्ही हेच करायचो. गोडाऊनमध्ये उभं राहिल्यावर आठवलं नाही.

४ ते २६ मार्च

बांधकाम. पाच कप्पे, नऊ इंची विटेच्या भिंती, प्रत्येकाला स्वतंत्र दार बाहेरून. हायड्रो आणि नायट्राइट शेडच्या दोन टोकांना. ठेकेदाराने दहा दिवसांत भिंती उभ्या केल्या. मी खूश.

मग सहज म्हणून एक प्रयोग केला. रंगाचा कारखाना आहे, रंगाला तोटा नाही. बादलीभर पाण्यात लाल रंग कालवला आणि अ‍ॅसिडच्या कप्प्यात ओतला. तीन मिनिटांत तो लाल ओघळ क्लोराइटच्या कप्प्यात हजर. जुनं गटार फरशीखालून सरळ सगळ्या शेडमधून जात होतं आणि ठेकेदाराने त्याच्यावरच भिंती बांधल्या होत्या. वरून पाच खोल्या, खालून एकच.

गटार फोडलं, काँक्रीटने बुजवलं, प्रत्येक कप्प्याच्या कोपऱ्यात आंधळी खड्डी केली. तिला बाहेर वाट नाही. सांडलेलं तिथे जमेल, पंपाने उपसायचं. अकरा दिवस आणि ₹६२,००० वाया. भिंतींच्या आधी बादलीभर रंगीत पाणी ओतलं असतं तर हे वाचलं असतं. ज्यांचं शेड जुनं आहे त्यांनी तेवढं तरी आधी करा.

२९ मार्च ते १२ एप्रिल

बाहेरच्या टाक्या. चार आहेत : एचसीएल, सल्फ्युरिक, कॉस्टिक, क्लोराइट. पहिल्या दोन एका डाइकमध्ये (गळती अडवायला टाकीभोवती बांधलेल्या हौदात), दुसऱ्या दोन एका डाइकमध्ये. कॉस्टिक आणि क्लोराइट एकत्र चालतं, क्लोराइट मुळात अल्कलीतच टिकतं. पण सल्फ्युरिक आणि एचसीएलमध्ये भिंत घालावी लागली.

एचसीएलची टाकी १० किलोलिटरची. डाइकमध्ये तिच्या ११० टक्के मावायला हवं, म्हणजे ११,००० लिटर. ४ मीटर बाय ३.५ मीटर, भिंत ०.८ मीटर : ११,२०० लिटर. बसलं. अस्तराच्या विटा लावायच्या आदल्या दिवशी लक्षात आलं की टाकीचा चबुतरा मी हिशेबात धरलेलाच नाही. २.२ मीटर व्यासाचा, ३० सेंटिमीटर उंच. तोच अकराशे लिटरच्यावर जागा खातो. भिंत १० सेंटिमीटर वाढवली.

खरा घोळ टाक्यांपेक्षा टँकर रिकामा करायच्या जागी होता. एचसीएल आणि क्लोराइटची जोडणी एकाच मापाची, दोन इंची, आणि मध्ये तीन फूट अंतर. दोन्ही टँकर दिसायलाही सारखेच. २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या अ‍ॅचिसन गावी नेमकं हेच झालं. सल्फ्युरिकच्या टँकरचा होज क्लोराइटच्या टाकीला लागला. दोन्ही जोडण्या सारख्या, जवळजवळ, आणि क्लोराइटच्या जोडणीला कुलूप नव्हतं. गावावर क्लोरीनचा ढग आला आणि १४० हून अधिक माणसांना उपचार घ्यावे लागले. मी त्याचे फोटो शेठना दाखवले. एरवी प्रत्येक बिलावर तासभर घालणारा माणूस, जोडण्यांच्या खर्चाबद्दल एक शब्द बोलला नाही.

क्लोराइटची जोडणी दीड इंची केली आणि दुसऱ्या भिंतीवर नेली. मला वाटलं आता चुकीचा होज लागूच शकत नाही. पुढचा टँकर आला तर ड्रायव्हरने खोक्यातून रिड्युसर काढला आणि दोन मिनिटांत दोन इंची होज दीड इंचीवर बसवला. "सगळीकडे असंच असतं साहेब, सगळी साइज ठेवावी लागते."

म्हणून शेवटी कुलूप. चारही जोडण्यांना वेगळ्या किल्ल्या, किल्ल्या लॅबमध्ये. टँकर आला की लॅबचा मुलगा नमुना घेतो आणि पीएच पट्टी बुडवतो. एचसीएल असेल तर पट्टी लाल. क्लोराइट असेल तर आधी निळी आणि मग बघता बघता पांढरी, कारण ते पट्टीचाच रंग उडवतं. पट्टी पावतीला स्टेपल करायची, मगच किल्ली. नमुना काढताना चष्मा आणि ग्लोव्हज. पहिल्या दिवशी पोरगा उघड्या हाताने निघाला होता. टँकरमागे वीस मिनिटं जास्त जातात. ड्रायव्हर कुरकुरतात, पण चहा दिला की थांबतात.

१६ एप्रिल

थायोनिल क्लोराइडच्या खोलीत पाणी नको, पाणी लागलं की हायड्रोजन क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड दोन्ही निघतात. छत बघितलं, पत्र्याचे खिळे बदलले. मग वर बघताना दिसलं की ऑफिसच्या बेसिनचा पाइप याच खोलीतून जातो. प्लंबरचे ₹३,५००. सेफ्टी शॉवर मात्र दाराबाहेरच, आठ पावलांवर.

१९ एप्रिल ते ४ मे

स्कूप, खराटे, ट्रॉल्या. कप्पे वेगळे झाले तरी एकच खराटा सगळीकडे फिरत होता, म्हणजे ५ फेब्रुवारीचा ड्रम पुन्हा भरायला आम्ही तयारच होतो. प्रत्येक गटाला स्वतःचा रंग दिला : लाल नायट्राइटला, केशरी हायड्रोला, निळा अल्कलीला, हिरवा सॉल्व्हंटच्या बाजूला. आमचे अर्धे हेल्पर ओडिशा आणि झारखंडचे आहेत, मराठी पाट्या वाचत नाहीत, म्हणून रंगच बरे वाटले. स्कूप, खराटे, बादल्या मिळून ₹१४,०००.

आठ दिवसांनी रात्रपाळीत चक्कर मारली. केशरी स्कूप नायट्राइटच्या पोत्यात. हेल्परवर ओरडलो. त्याने शांतपणे स्कूप दिव्याखाली धरला आणि म्हणाला, "साहब, रात को दोनो एक जैसा दिखता है." शेडमध्ये जुने सोडियमचे पिवळे दिवे आहेत. त्या उजेडात लाल आणि केशरी दोन्ही मातकट दिसतात. मी दिवसा रंग निवडले होते. ओरडल्याबद्दल दुसऱ्या दिवशी त्याला सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं.

सहा दिवे बदलून एलईडी लावले, ₹११,४००. आणि रंगावर न थांबता नायट्राइटच्या स्कूपच्या दांड्याला तीन भोकं पाडली, हायड्रोच्या दांड्याला एक खाच. अंधारातही हाताला कळतं.

याच आठवड्यात भुसा हद्दपार केला. सांडलेलं टिपायला सगळीकडे भुसाच वापरायचे, नायट्रिकवरसुद्धा. नायट्रिकने भिजलेला भुसा म्हणजे आपणच रचलेली चूल. आता वाळू, आणि अ‍ॅसिडसाठी सोडा अ‍ॅश. भुसावाला जुना माणूस, दर महिन्याला दोन पोती टाकायचा. त्याला नाही म्हणणं तात्यांनाच जड गेलं.

१० मे

प्रॉडक्शनशी भांडण.

गोडाऊन नीट झालं, पण रिअ‍ॅक्टरजवळ रोजच्या वापराच्या मालाची एक टपरी आहे. तिथे अर्धी पोती पडून असतात. आज तिथे नायट्राइटचं उघडं पोतं आणि हायड्रोचा उघडा ड्रम एकमेकांना टेकून बघितले. डायझोच्या (रंगाच्या रसायनातली एक पायरी) बॅचमध्ये नायट्राइट आणि अ‍ॅसिड आपण मुद्दाम एकत्र आणतो. बर्फ घालून, ५ अंशांखाली ठेवून, थेंबाथेंबाने. म्हणून प्लांटच्या लोकांना वाटतं की हे दोघं भेटतातच, त्यात काय एवढं.

मी म्हटलं, एका बॅचपुरताच माल न्या आणि उरलेलं त्याच शिफ्टमध्ये परत करा. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले की बॅचमागे पंचवीस मिनिटं जातील आणि महिन्याला दोन बॅच कमी होतील. आकडा त्यांनी खोटा सांगितला नव्हता. मी स्वतः घड्याळ लावून बघितलं, तेवीस आली.

तोडगा तात्यांनी काढला. माल गोडाऊनमध्येच बॅचच्या वजनात तोलून, शिवून, बॅच नंबर टाकून ठेवायचा. हे तोलणं दुपारी, टँकर नसतात तेव्हा. प्लांटला तयार पोती जातात, उरायचा प्रश्नच मिटतो. तोलायला एक माणूस वाढला. बॅचची तेवीस मिनिटं चारवर आली.

१९ मे

पेरॉक्साइडचा आयबीसी, म्हणजे पिंजऱ्यातली मोठी प्लास्टिक टाकी. ५० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, झाकणाला वेंट (वायू सुटायचं भोक) असतो. कुणीतरी त्यावर चिकटपट्टी लावली होती, 'आत धूळ जाते' म्हणून. पेरॉक्साइड हळूहळू विघटित होऊन ऑक्सिजन सोडत राहतं. टाकीच्या बाजू फुगल्या होत्या. पट्टी काढताना 'फुस्स' झालं आणि माझ्या पोटात गोळा आला. पट्टी लावणारा सापडला नाही, शोधलंही फार नाही. खालचं लाकडी पॅलेट काढून प्लास्टिकचं टाकलं. वेंटवर आता मोठ्या अक्षरात तीन भाषांत लिहिलंय.

२७ मे

खर्चाचा हिशेब. भिंती आणि दारं ₹१,७८,०००. गटार ₹६२,०००. डाइक आणि अस्तर ₹१,२४,०००. जोडण्या, कुलपं ₹३१,०००. दिवे, स्कूप, पॅलेट, पाट्या, प्लंबर मिळून ₹५१,०००. एकूण ₹४,४६,०००. मी दोन लाख सांगितलं होतं. शेठ म्हणाले, "पुढच्या वेळी तुझा आकडा दुप्पट धरतो, वर थोडं."

लेबल नसलेल्या तीन कार्बोयपैकी दोन ओळखले. एक जुनं फॉस्फरिक निघालं, एक नुसतं पाणी. तिसरा अजून बाहेर, वेगळ्या ट्रेमध्ये, सावलीत. हलवायचा नाही अशी पाटी लावली आहे. घातक कचऱ्याची उचल करणाऱ्यांनी नमुन्याचा अहवाल मागितलाय.

१३ जून

पाऊस तीन दिवस धरून आहे. हायड्रोच्या कप्प्यात पाणी नाही. सॉल्व्हंटच्या कप्प्यात दाराखालून आलं, उंबरठा चार इंच वाढवायला हवा. अ‍ॅसिडच्या खड्डीत पावसाचं पाणी साचलं, म्हणजे सांडलेलं मावायची जागा तेवढी कमी. आता दर पावसानंतर उपसायचं, उपसण्याआधी पट्टी बुडवायची. हे काम कुणाचं ते ठरलं नव्हतं. तात्यांनी रजिस्टर घातलं.

हायड्रोच्या ड्रमवर रोज सकाळी हात ठेवून बघतो. मग एक स्वस्तातला इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला, ₹१,६००. आज सगळे ड्रम खोलीच्याच तापमानाला, २९ अंश.

१ जुलै

कचऱ्याची खोली अजून तशीच आहे. तिथे गाळ, रिकामी पोती, फिल्टरची कापडं सगळी एकत्र जातात. घातक कचरा ९० दिवसांच्या वर साठवायचा नाही असा २०१६ चा नियम आहे, आणि आमच्याकडे ९० दिवसांत तिथे बरंच काही जमतं. बाहेर जाणारं म्हणून आम्ही ते मोजलंच नव्हतं. आज नायट्राइटची रिकामी पोती हायड्रोच्या रिकाम्या ड्रमांवर टाकलेली सापडली. रिकामी म्हणजे आत मूठभर माल.

झाडलोटीचे आता चार ड्रम आहेत, झाकणवाले. उद्या कचऱ्याच्या खोलीत लाल पाण्याची बादली.